एका हाराची सात अभिनंदने

‘नको’ हा शब्द प्रितम ओव्हाळला येत नव्हता, असे नाही. तो त्याला लिहिता येत असे, वाचता येत असे, आणि मनातल्या मनात तर इतक्या करारी आवाजात उच्चारता येत असे की ऐकणारा कोणी असता तर दोन पावले मागे सरकला असता. अडचण एवढीच, की मनातून निघालेला हा शब्द ओठांपर्यंत पोहोचेतो समोरच्या माणसाने दुसरा कप चहा ओतलेला असे, किंवा रांगेत पुढे घुसून आपले काम उरकलेले असे, किंवा त्याच्या गळ्यात हार घातलेला असे.

हार हा केवळ वाक्याच्या ओघात आलेला नाही. सगळे प्रकरण त्या हारापासूनच सुरू झाले.

लोणावळ्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत प्रितम सहायक होता. दिवसभर त्याचा सहवास काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे आणि बरणीत डोळे उघडे ठेवून बसलेला एक बेडूक यांच्याशी. आणि यांच्यापैकी कोणीही आजवर त्याच्याशी वाद घातला नव्हता. माणसांच्या जगात वावरायला ही तयारी फारच अपुरी होती. अशा माणसाने मोटारगाडी घ्यायला एकट्याने जावे हीच मुळात चूक. पण त्याच्या एकटे जाण्याला कारण होते, आणि गाडी घेण्यालाही तेच कारण होते. ते कारण म्हणजे त्याचे वडील.

श्रीपती ओव्हाळ यांना घरात आबा आणि औंढे गावात श्रीपतीभाऊ म्हणत. त्यांनी उभी हयात तुंगार्लीच्या बंगल्यांवर ड्रायव्हर म्हणून काढली. शेठ बदलले, बंगले विकले गेले, गाड्यांची नावे लांबत आणि अवघड होत गेली. आबांच्या हातातले चाक तेवढे कायम राहिले. त्यांनी चालवलेल्या गाड्यांपैकी एकही त्यांची नव्हती, आणि याबद्दल ते कधी हळहळले आहेत असे कोणी ऐकले नव्हते. मात्र त्यांच्या लायसन्सची मुदत आता संपत आली होती. दिवसा काही अडचण नव्हती, पण एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले, आणि आबांनी आपला निर्णय जेवताना जाहीर केला.

“लायसन हाय तवर चालवायची. पुढं न्हाई. लोकांची पोरंबाळं घाटातनं नेली, आनली, कुनाला खरचटलं न्हाई. हितंच थांबावं मानसानं.”

“आणि घरची गाडी आली तर?” प्रितमने विचारले.

आबांच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीवर थांबला. “मुदतीत आली तर चालवीन की,” ते म्हणाले, आणि आपण जरा जास्तच बोलून गेलो असे वाटून त्यांनी मीठ मागितले. आमटीत मीठ व्यवस्थित होते.

प्रितमला त्या थांबलेल्या हातातून सगळे कळले. वडिलांनी एकदा तरी स्वतःच्या गाडीचे चाक हातात धरावे, आणि मुदतीच्या आत धरावे, एवढी एकच गोष्ट त्याला त्या क्षणापासून हवीशी झाली. ‘बरोबर चला’ म्हटल्यावर आबा म्हणाले, “गाडी दारात उभी ऱ्हायली की बघीन. शोरूमात शेठच्या मागं हात बांधून लय उभा ऱ्हायलोय मी.”

तेव्हा प्रितम एकटाच गेला.

शोरूम जुन्या हायवेवर, वडगावच्या अलीकडे होते. काचेची इमारत, आत हिवाळा, आणि हिवाळ्याच्या मधोमध एक लालभडक गाडी. विक्री विभागातल्या अनघा नावाच्या मुलीने त्याच्यापुढे करारनाम्याचे कागद ठेवले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. समोर माणूस ताटकळत असताना कागद वाचत बसणे म्हणजे त्या माणसावर उघड अविश्वास दाखवणे, असे प्रितमचे मत होते. त्याने एकाही फुलीवर अविश्वास दाखवला नाही.

सह्या झाल्या तेव्हा मॅनेजर प्रदीप हसतमुखाने बाहेर आले. हे गृहस्थ इतके नम्र होते की त्यांच्यासमोर उभे राहिले की आपणच त्यांचा काही अपराध केला आहे असे वाटे.

“सर, गाडी आठवड्याभरात येतेय. पण फोटो आपण आजच काढून टाकू.”

“फोटो… गाडी आल्यावर काढला तर—”

“महिनाअखेर आहे, सर. आज काढला तर आमच्या अनघा मॅडमचं टार्गेट पूर्ण होतं.”

प्रितमने अनघाकडे पाहिले. अनघाने जमिनीकडे पाहिले. ‘नको’ हा शब्द प्रितमच्या छातीतून निघाला आणि गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात गळ्यात हार पडला. झेंडूचा हार, मधेमधे आंब्याची पाने. दुसरा, तसाच पण लांब, लाल गाडीच्या तोंडावर चढला. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवले गेले. त्याच्या घरी यांतले काहीच नव्हते. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हापासून ओव्हाळांच्या मंगल प्रसंगी वंदना होई, खीर होई. लिंबू पडायचे ते फक्त सरबतात. पण हे सांगायला जी उसंत लागते ती त्याला मिळाली नाही.

“परिवार कुठंय, सर?” फोटोग्राफरने विचारले.

परिवार औंढ्यात होता. फोटोत जागा रिकामी बरी दिसत नाही म्हणून एका बाजूला अनघा उभी राहिली, दुसऱ्या बाजूला भरघोस मिशांचे वॉचमन, आणि पुढे चहा देणाऱ्या मावशी. प्रितमच्या हातात पुठ्ठ्याची, जवळपास त्याच्याच उंचीची किल्ली देण्यात आली. कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी घंटा बडवली. आयुष्यात प्रथमच कोणी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्याही न मिळालेल्या गाडीसाठी, ही गोष्ट त्याला परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर जाणवली, आणि तो बराच वेळ बाहेरच्या कापलेल्या भातखाचरांकडे बघत राहिला.

एसटी लोणावळ्याला पोहोचण्याआधी फोटो औंढ्याला पोहोचला होता. ‘ओव्हाळ परिवाराचे हार्दिक अभिनंदन!’

“लिंबू कशापायी चिरडलंस रं?” दारातच आईने, शालनने, विचारले. “आपल्यात हाय का ह्ये? आन ही बया कोन तुज्या शेजारी?”

“शोरूममधली आहे, आई.”

“आन मिशीवाला?”

“वॉचमन.”

“वॉचमन आपल्या परिवारात कदी आला?”

आबांनी मोबाइल हाताच्या अंतरावर धरून फोटो पुष्कळ वेळ पाहिला. लिंबाबद्दल, मिशांबद्दल ते काही बोलले नाहीत. “रंग बरा हाय,” म्हणाले, आणि थोड्या वेळाने, सहज विचारल्यासारखे, “कदी येनार?”

“आठवड्याभरात.”

शेजारचे रखमाजी केदारी हे सल्ला मागण्याची वाट बघत बसणाऱ्यांपैकी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणाशी उभे होते. “पर्तिम, गाडी घेनं सोपं हाय. ठेवनार कुटं? उन्हात रंग उडतो, पावसात बूड सडतं. आदी शेड मार.” मग त्यांनीच बांबू सुचवले, त्यांच्याच मेव्हण्याकडचे पत्रे सुचवले, आणि शेडचे तोंड कोणीकडे असावे यावर आबांशी तासभर चर्चा केली. शेडसाठी शालनने आपला शेवगा तोडू दिला. एखाद्या गाडीसाठी बाईने शेवगा तोडू द्यावा, यावरून त्या घरात गाडीची काय अपेक्षा होती ते समजावे.

शेड उभी राहिली. आठवडा उलटला. गाडी आली नाही.

आला तो एक फोन. फोनवरच्या मुलीचा आवाज फार गोड आणि फार थकलेला होता. “सर, तुमच्या नव्या गाडीचा अनुभव कसा आहे? दहापैकी किती गुण द्याल?”

गाडी मिळाली नाही, असे प्रितम म्हणणारच होता. पण दिवसभरात या मुलीला किती जणांनी दुरुत्तरे केली असतील, हा विचार त्याच्या मनात आला, आणि एकदा असा विचार मनात आला की प्रितम संपलाच.

“नऊ,” तो म्हणाला. दहा म्हणणे खोटेपणाचे झाले असते.

एव्हाना गावात तीन पक्ष पडले होते. पहिल्या पक्षाच्या मते गाडी तुंगार्लीच्या एका बंगल्यात झाकून ठेवली होती, नजर लागू नये म्हणून. दुसऱ्याच्या मते ती पोलिसांनी उचलली होती. तिसरा पक्ष भामाबाईंचा. मागच्या आळीतल्या या म्हातारीचे म्हणणे असे, की गाडी आहे, चालू आहे, आणि ओव्हाळ ती लपवतात ते फक्त भामाबाईंना तळेगावला लेकीकडे न्यावे लागू नये म्हणून.

“फटूत गाडी हाय, दारात शेड हाय,” त्या रस्त्यात प्रितमला अडवून म्हणाल्या. “मीच तेवडी जड झाले व्हय रं गाडीला?”

“नाही हो मावशी, गाडी अजून—”

“ऱ्हाऊं दे. तुज्या आज्ज्याचं आन माज्या सासऱ्याचं एका ताटात जेवन व्हतं.”

शेवटी त्याने रिक्षा करून भामाबाईंना लेकीकडे पोहोचवले. त्याचा परिणाम एवढाच झाला, की आता त्या सगळ्यांना सांगू लागल्या: पोरगं गाडीला इतकं जपतं, की मानसं रिक्षानं नेतं.

रिकामी शेड ही गावात फार काळ रिकामी राहत नाही. आधी तिच्यात कोणाचा तरी भाताचा पेंढा येऊन पडला. मग रखमाजींनी ‘दोन रोजांपुरतं’ म्हणून आपले वासरू बांधले. वासराला जागा मानवली.

प्रितमने शोरूमला फोन केला. ‘फोन केला’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. तो करण्यापूर्वी त्याने प्रयोगशाळेत बेडकासमोर उभे राहून संभाषणाची तालीम केली होती, हे बेडकाशिवाय कोणाला माहीत नाही.

“नाव सांगा, सर… ओव्हाळ. तुमची गाडी तर डिलिव्हर झालीये.”

“कुठे?”

“तुम्हालाच, सर. सिस्टिममध्ये दिसतंय. डिलिव्हरीच्या कागदावर सही आहे, फोटो आहे, आणि,” आवाज कौतुकाने भरून आला, “तुम्ही आम्हाला नऊ गुण दिलेत.”

“पण गाडी माझ्याकडे नाही.”

“मग सर, न मिळालेल्या गाड्यांचा विभाग वेगळा आहे. पण तो फक्त न मिळालेल्या गाड्यांची तक्रार घेतो. तुमची मिळालेली असल्यामुळे तुम्हाला सर्व्हिस विभागाशी बोलावं लागेल.”

सर्व्हिस विभागाने विचारले, “किलोमीटर किती झालेत?”

“शून्य.”

“चालू होत नाही का?”

प्रितमने प्रामाणिकपणे विचार केला. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“असं करा, गाडी इकडे घेऊन या. बघितल्याशिवाय काही बोलता येणार नाही.”

यानंतर तो स्वतः जाऊन आला. प्रदीप यांनी त्याला चहा पाजला, आस्थेने सगळे ऐकून घेतले, आणि हात जोडून सांगितले की त्यांच्या मनात प्रितमबद्दल तिळमात्र शंका नाही. फक्त कागदपत्रांचे म्हणणे वेगळे आहे. घरी परतल्यावर मोबाइलवर संदेश आला होता: आपल्या गाडीची पहिली मोफत सर्व्हिसिंग चुकू नये म्हणून आजच नोंदणी करा. ज्या वस्तूने आपल्या दारात पाऊल टाकले नाही तिची आबाळ केल्याचा आरोपही आता त्याच्यावर येऊ घातला होता. शेडमध्ये वासरू त्याच्याकडे बघून शेपूट हलवत उभे होते.

आबा रोज सकाळी लायसन्स पाकिटातून काढत, पुसत, आणि परत ठेवत. हे प्रितमला रागावण्यापेक्षा जास्त लागे.

अपमान झाला की काही माणसे चिडतात, काही रडतात. प्रितमला कुतूहल वाटू लागे. हा त्याच्या स्वभावाचा दोष असेल, पण त्याने बरणीतला बेडूकही आधी घाबरून आणि मग असाच निरखून पाहिला होता. तो रोज त्या फोटोकडे बघू लागला. आपला कसनुसा चेहरा, वॉचमनच्या मिशा, पुठ्ठ्याची किल्ली, हे सगळे ओलांडून त्याची नजर गाडीवर जाई. ही गाडी आपली, असे कागद म्हणतात. मग ती आहे कुठे? आत्ता, या क्षणी, ती काय करत असेल? गाडीच्या पुढच्या बंपरवर, उजव्या कोपऱ्यात, चिमणीच्या आकाराचा एक चरा होता. तो चरा पाठ झाला तेव्हा त्याने शोरूमच्या पानावरचे इतरांचे फोटो उघडले.

आणि चिमणी त्याला सगळीकडे दिसू लागली.

‘टेमघरे परिवाराचे हार्दिक अभिनंदन!’ तीच गाडी, तीच चिमणी. खंडाळ्याच्या एका परिवाराचे अभिनंदन, चिमणी. एकूण सात परिवार, सात वेळा तीच किल्ली, पाच फोटोंत वॉचमन. पण सगळ्यांत विलक्षण होता गाडीवरचा हार. टेमघऱ्यांच्या फोटोत तो टवटवीत होता, झेंडू नुकता तोडल्यासारखा. पुढच्या फोटोत पाने वळू लागली होती. प्रितमच्या फोटोत, आता नीट पाहिल्यावर कळले, फुलांच्या कडा काळसर झाल्या होत्या. सातव्या परिवाराच्या वेळी हाराचा दोराच अधिक दिसत होता. एका हाराचे अख्खे आयुष्य असे सात अनोळखी कुटुंबांच्या आनंदात विभागलेले पाहून त्याला एकाच वेळी हसू आले आणि उगाच गलबलून आले.

ताजा हार ज्यांच्या वाट्याला आला त्या राजेश्वरी टेमघरे कामशेतला शिकवण्या घेत. त्यांच्याकडे जाण्यासाठी त्याला आदल्या दिवसापासून धीर गोळा करावा लागला. पण दार उघडताच त्याने मोबाइल पुढे धरला आणि बोलण्याची गरजच उरली नाही.

“अगं बाई,” राजेश्वरी म्हणाल्या. “म्हणजे आपण एकाच गाडीचे नातेवाईक!” मग आत वळून ओरडल्या, “अहो, बाहेर या! मी म्हणत नव्हते, तो हार फ्रीजमध्ये ठेवतात म्हणून?”

राजेश्वरीबाईंना ‘नको’ हा शब्द पुरेपूर येत होता. त्यांनी शोरूममध्ये जाऊन तो तीनदा वापरलाही होता, पण एकटीने. “एकट्या माणसाला ते चहा पाजतात,” त्या म्हणाल्या. “सात जणांना पाजायला कप पुरायचे नाहीत. महिनाअखेरीला जाऊ. त्या दिवशी त्यांची नवी अभिनंदनं असतात.”

महिनाअखेर. आबांच्या लायसन्सची मुदत त्याच दिवशी संपत होती.

त्या सकाळी आबांनी इस्त्रीचा पांढरा सफारी घातला. कामावर जाताना घालत तो. “मी येतो,” एवढेच म्हणाले. दोघे वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून वडगावकडे निघाले. आणि जीपच्या ड्रायव्हरने वळणावर उगाच ब्रेक मारला तेव्हा आबांचा उजवा पाय आपोआप दाबला गेलेला प्रितमने पाहिला.

शोरूममध्ये लाल गाडीला ताजा हार होता. तिच्यापुढे एक टोपीवाले शेतकरी आजोबा, त्यांची कारभारीण आणि नातवंडे दाटीवाटीने उभी होती. आजोबांच्या हाती किल्ली होती, आणि परिवार पुरेसा असल्यामुळे वॉचमन बाजूला विश्रांती घेत होते. सात परिवारांचे प्रतिनिधी आत शिरले तसे प्रदीप पुढे धावले.

“या, या! आपण केबिनमध्ये बसू.”

“नको,” राजेश्वरी म्हणाल्या. “इथंच बरं आहे. बोला ओव्हाळ.”

प्रितमला वाटले होते की बोलतील त्या. आता सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. अनघाचे, टोपीवाल्या आजोबांचे, आणि मागे हात न बांधता उभ्या असलेल्या आबांचे. त्याच्या छातीत शब्द हलला. पण वर आला तो त्याने तालीम केलेला शब्द नव्हता.

“मला मान्य आहे,” तो म्हणाला.

“काय मान्य आहे, सर?” प्रदीप यांनी विचारले. राजेश्वरीबाईंनी कपाळाला हात लावला.

“गाडी मला मिळाली, हे. तुमच्याकडे माझी सही आहे, फोटो आहे. मी नऊ गुणही दिलेत. मला भांडायचं नाही.” मग त्याने लाल गाडीकडे बोट केले. आवाज इतका हळू होता की ऐकण्यासाठी सगळे शोरूम गप्प झाले. “फोटोत आहे ती गाडी ही. त्या कोपऱ्यात चरा आहे, बघा. म्हणजे ही माझी. मग हे आजोबा माझ्या गाडीला हार का घालताहेत, एवढंच मला विचारायचं होतं.”

मग राजेश्वरीबाईंचा चेहरा उजळला. त्या कडाडल्या, “तुमची कशी, ओव्हाळ? माझा फोटो तुमच्या आधीचा आहे! माझ्या वेळी हार ताजा होता!”

“ओ मॅडम, असं कसं?” खंडाळ्याच्या हॉटेलात काम करणारा सत्यम पुढे सरसावला. “तुमच्यानंतर माझ्याकडे आली ना ती? मी दिलीच नाही परत कोणाला! माझी गाडी शेवटी कोणाकोणाच्या दारात फिरतेय?”

“माझ्या शेडमध्ये तर नाही,” प्रितम म्हणाला.

“मंग आमची कंची?” टोपीवाल्या आजोबांनी किल्ली खाली टेकवून विचारले. “आमाला बी हीच म्हनले.”

सात मालक आणि एक होऊ घातलेला मालक एकाच वेळी गाडीवर हक्क सांगू लागले. कोणी तिच्यात जाऊन बसले. कोणाच्या नातवाने हॉर्न दाबला. प्रदीप यांची नम्रता या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, सगळ्यांना पुरी पडेना, आणि अखेर तुटली.

“अहो, ही कोणाचीच नाहीये!” ते ओरडले. “कोणालाच दिलेली नाहीये! ही नुसती दाखवायची गाडी आहे!”

हॉर्न थांबला.

“दाखवायची?” आजोबा म्हणाले. त्यांनी गळ्यातला हार काढला, झटकला, आणि प्रदीप यांच्या गळ्यात घातला. “मंग ह्यो बी दाखवाया ठेवा.”

त्यानंतर सगळे भराभर झाले. काही गाड्या मागवल्याच नव्हत्या, काही मागच्या आवारात उभ्या होत्या; सिस्टिममध्ये कोणीतरी काहीतरी केले, आणि मिळालेल्या गाड्या एकदम न मिळालेल्या झाल्या. सगळ्यांना चार दिवसांत गाडी देण्याचे सगळ्यांसमोर ठरले. राजेश्वरीबाईंनी प्रितमची पाठ थोपटली. त्याने मात्र प्रदीप यांना विचारले,

“आज नाही होणार?”

“आज कसं शक्य आहे, सर? पासिंग व्हायचंय. चार दिवस थांबलात तर काय बिघडतं?”

आबांनी पाकिटातून लायसन्स काढून प्रदीप यांच्या हातावर ठेवले. प्रदीप यांनी तारीख वाचली. हा माणूस वाईट नव्हता. तो फक्त महिनाअखेरीत अडकलेला होता. त्यांनी अनघाला खूण केली, लाल गाडीची किल्ली, खरी, छोटीशी, मागवली, आणि आबांपुढे धरली.

“काका, ही घ्या. टेस्ट ड्राइव्ह म्हणून. हवी तितकी लांब फेरी मारा, संध्याकाळपर्यंत.”

आबांनी किल्ली तळहातावर घेतली. तिचे वजन पाहिल्यासारखे केले.

“ही शोरूमची?” आबांनी विचारले.

“हो, काका.”

“मंजी लोकांची.” त्यांनी किल्ली परत दिली. “लोकांच्या लय चालवल्या, साहेब.”

परतीच्या जीपमध्ये दोघे पुन्हा मागच्या फळीवर बसले. गाड्या मिळणार होत्या, सहा परिवार नाचत घरी गेले होते, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळे आरंभले होते ती तेवढी हातातून गेली होती. पाण्यासारखा स्वच्छ विजय आणि त्याच्या तळाशी हा एवढासा खडा. प्रितमला वाटले, आबांनी रागवावे. आबा डुलकी काढत होते, किंवा तसे दाखवत होते.

गाडी आली. करडी, बिनहाराची. रखमाजींनी वासरू सोडून नेले आणि ‘सवय लागलीया त्येला’ असा ठपकाही ठेवला. प्रितमकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून मिळवलेले नवे लायसन्स होते, पण तिथल्या गाडीला मास्तरांकडचाही ब्रेक असतो, हा फरक त्याला आत्ता कळत होता.

“खंडाळ्यापर्यंत जाऊन येऊ,” आबा म्हणाले.

ते सवयीने उजव्या दाराशी गेले. मुठीवर हात पडला. तिथे ते जरा थांबले. मग गाडीला वळसा घातला. आईने पुढची जागा आधीच पटकावली होती. आबा मागचे दार उघडून आत बसले, आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना काही काळ सुचले नाही.

प्रितम गाडी चालवत होता, म्हणजे गाडी जात होती आणि तो घामाघूम होत होता. प्रत्येक गियरला तो मागून एक सूचना येण्याची वाट बघे. सूचना येत नव्हती. बाजार गेला, लोणावळा मागे पडले, घाटाची कड जवळ आली. आरशात त्याला आबांची फक्त मान दिसत होती, दरीच्या खिडकीकडे वळलेली.

“थांबव,” मागून आवाज आला.

“काय चुकलं, आबा?”

“थांबव म्हन्तो.”

“इथं थांबायला बंदी आहे. पाटी आहे.”

“आसूं दे.”

आयुष्यात ज्यांनी पाटीविरुद्ध चाक फिरवले नाही त्यांच्या तोंडून हे ऐकून शालनने वळून पाहिले. प्रितमने कणसे भाजणाऱ्या बाईच्या गाड्यामागे कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजू लागले.

आबांनी काच पूर्ण खाली केली होती. खाली दरी होती, पिवळ्या गवताचे उतार, आणि कड्याच्या पोटातून निघून पुन्हा पोटात शिरणारी रेल्वे.

“ती रेल्वे हितनं दिसती?” आबांनी विचारले.

“नेहमीच दिसते, आबा. तुम्ही तर रोज या रस्त्यानं—”

“मी रस्ता बगत व्हतो.” ते खिडकीबाहेर आणखी वाकले. “शेठ लोक मागं बसून ‘वा, वा’ करायचे. मला वाटायचं, मोट्या मानसांस्नी सवयच आसती… आन ती पायवाट? ती कुटं उतरती?”

“माहीत नाही.”

“त्या टेपाडामागं काय हाय?”

“तेही माहीत नाही, आबा.”

एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. शालन म्हणाली, “आवं, लोक शिव्या घालत्यात!”

“घालूं दे,” आबा म्हणाले. “पर्तिम, फुडल्या वळनाला परत थांबव. तितनं आनिक काय काय दिसतंय ते बगू.”